पोझिशन नसताना मोठी पॉकेट पेअर खेळणे

नो-लिमिट टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात (यात कितीही रक्कम लावता येते) हाती आलेली दोन्ही पाने सारखी असली की तिला पॉकेट पेअर म्हणतात. एक्क्यांपासून दश्शीपर्यंतच्या जोड्या मोठ्या मानतात. फ्लॉपनंतर, म्हणजे टेबलावर सर्वांसाठीची पहिली तीन पाने उघडल्यावर, प्रत्येक फेरीत समोरच्याच्या आधी बोलावे (चाल करावी) लागणे म्हणजे पोझिशन नसणे. स्मॉल ब्लाइंडला, म्हणजे डावाआधी लहान सक्तीची रक्कम भरणाऱ्याला, तर हे चुकतच नाही: फ्लॉपनंतर पहिली पाळी नेहमी त्याची. ही नोंद सहा जणांच्या ऑनलाइन कॅश टेबलाबद्दल आणि 100 बिग ब्लाइंडच्या (मोठ्या सक्तीच्या रकमेच्या शंभरपट) स्टॅकबद्दल, म्हणजे खेळाडूसमोरच्या रकमेबद्दल, आहे. पुढील रकमाही बिग ब्लाइंडमध्येच आहेत.

मोठ्या जोडीची अडचण अशी की ती फ्लॉपआधीच पूर्ण तयार असते आणि नंतर फारशी सुधारत नाही. फ्लॉपवर तिसरे पान मिळून सेट किंवा त्याहून मोठे काही लागण्याची शक्यता सुमारे 11.8 टक्के, म्हणजे साडेआठ डावांत एकदा. उरलेले सगळे डाव नुसत्या एका जोडीवर खेळायचे असतात. फ्लॉपवर आपल्याहून मोठे पान पडण्याची शक्यता राजांच्या जोडीला 22.6 टक्के, राण्यांना 41.4, गुलामांना 57 आणि दश्शींना 69.5 टक्के आहे. म्हणून राजांची जोडी आणि गुलामांची जोडी एकाच साच्यात खेळू नये. पोझिशन असलेला खेळाडू आपली चाल पाहून मग ठरवतो; फुकटात पुढचे पान पाहायचे की पॉट (मध्ये जमलेली रक्कम) वाढवायचा, हे त्याच्या हाती असते.

यावरचा उपाय बराचसा फ्लॉपआधीच करावा लागतो: पॉट मोठा करून मागे उरणारा स्टॅक त्याच्या तुलनेत लहान करणे. बटनने (फ्लॉपनंतर शेवटी बोलणाऱ्याने) 2.5 ने उघडले, म्हणजे पहिली रक्कम लावली, आणि स्मॉल ब्लाइंडने 11 केले, तर कॉल आल्यावर (त्याने तेवढीच रक्कम भरल्यावर) पॉट 23 आणि मागे 89 उरतात, म्हणजे पॉटच्या चौपटीच्या आत. नुसता कॉल करून बिग ब्लाइंडने पाने टाकली तर पॉट 6 आणि मागे 97.5, म्हणजे सोळा पट. इतक्या खोल पाण्यात एका जोडीने, तेही आधी बोलून, तीन फेऱ्या निभावणे फार कठीण. शिवाय कॉल केल्याने बिग ब्लाइंडला स्वस्तात आत येता येते. एक्क्यांची जोडी कोणत्याही एका हाताविरुद्ध सरासरी 85 टक्के जिंकते, पण तिघांविरुद्ध ते प्रमाण 64 टक्क्यांवर येते. एक्के लपवून ठेवण्याचा मोह इथे महागात पडतो.

रेझचे (रक्कम वाढवण्याचे) माप महत्त्वाचे. पोझिशन असताना तिप्पट पुरते. नसताना चौपट ते साडेचारपट करावे. 7.5 केले तर बटनला 16 च्या पॉटसाठी 5 घालायचे असतात, म्हणजे त्याला 31 टक्के इक्विटी (पॉटमधला सरासरी वाटा) पुरते. 11 केले तर हीच गरज 37 टक्क्यांवर जाते. स्क्रीनवरचे बेटचे तयार बटण एकाच मापावर ठेवणारे खेळाडू नेमके इथे चुकतात. ब्लाइंडवरून खेळताना चौपटीचे वेगळे बटण लावून ठेवावे. बहुतेक साइटवर फ्लॉप न पडल्यास रेक (साइटचा वाटा) कापला जात नाही, म्हणून रेझवर सगळ्यांनी पाने टाकली तरी तो चांगलाच निकाल आहे.

हाती राण्या आहेत, वरच्या 23 च्या पॉटमध्ये किलवर नव्वी, चौकट पंजी, इस्पिक दुर्री पडली असे धरा. 12 लावावेत. कॉल आल्यास पॉट 47 होतो. टर्नवर (चौथे पान) तिर्रीसारखे निरुपद्रवी पान आले तर 25. आता पॉट 97 आणि मागे 52 उरतात, ते रिव्हरवर (पाचवे, शेवटचे पान) सहज जातात. दर फेरीला पॉटच्या निम्म्याहून किंचित जास्त, एवढेच गणित. फ्लॉपवर रेझ आला तर कॉल करावा. इतक्या कमी स्टॅकला इथे राण्या टाकणे चूक, आणि पुन्हा रेझ केल्यास समोरचे ब्लफ पळून जातात. मात्र रिव्हरवर एक्का किंवा राजा आला की हात आवरून चेक करावे (पैसे न लावता पाळी पुढे द्यावी).

राजा-सत्ती-दुर्री पडल्यास पॉटच्या एक तृतीयांश, सुमारे 8, लावून लहान जोड्यांकडून एकदा पैसे घ्यावेत आणि टर्नला चेक करावे. एक्का पडल्यास राण्यांनी आधीच चेक करावे. 8 च्या बेटला कॉल करायला जेमतेम 20.5 टक्के इक्विटी लागते, म्हणून एकदा कॉल ठीक. पुढच्या फेरीत मोठी बेट आली तर पाने टाकावीत. अठ्ठी-सत्ती-छक्कीसारख्या जुळत्या फ्लॉपवर सेट आणि स्ट्रेट कॉल करणाऱ्याकडे जास्त असतात. तिथे चेक करून कॉल करणे ओव्हरपेअरसाठीही (फ्लॉपच्या सर्व पानांहून मोठ्या जोडीसाठीही) बरे.

सर्वांत घातक सवय म्हणजे ‘आपण कुठे आहोत ते कळावे’ म्हणून बेट लावणे. अशा बेटला कमकुवत हात निघून जातात आणि भारी तेवढे राहतात. दुसरी चूक अशी की चेक फक्त कच्च्या हातांनी करायचे. आकडेवारी नोंदवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ते चटकन दिसते आणि तो प्रत्येक चेकवर हल्ला करतो. म्हणून काही भारी हातही चेकमध्ये ठेवावेत. एक्क्यांच्या जोडीला फ्लॉपवर तिसरा एक्का लागला तर ती त्यासाठी उत्तम: समोरच्याकडे कॉल करण्याजोगे फारसे उरत नाही आणि पुढच्या पानाची भीतीही नसते. ‘चेक/फोल्ड’ची खूण आधीच करून ठेवू नये. क्षणार्धात झालेला चेक खूप काही सांगून जातो.

फोर-बेट, म्हणजे आपल्या रेझवर समोरच्याने पुन्हा रेझ, झाल्यावर चित्र सोपे होते. बटनने 24 केले आणि आपण कॉल केला तर पॉट 49 आणि मागे 76 उरतात, त्यामुळे पोझिशनचा तोटा बराच कमी होतो. 100 च्या स्टॅकला राजांची जोडी फ्लॉपआधी टाकू नये: एका प्रतिस्पर्ध्याकडे एक्क्यांची जोडी असण्याची शक्यता 1225 पैकी 6 असते, आणि फोर-बेट करणारा एक्का-राजा किंवा राण्या घेऊनही तसेच खेळतो. स्टॅक 200 असेल तर उलट सावधगिरी हवी. तिथे एका जोडीवर सगळे घालणे क्वचितच योग्य ठरते.

भारतात ऑनलाइन गेमिंगविषयीच्या कायद्याला 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यानुसार पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यास मनाई असून कौशल्याचे खेळही त्यातून सुटलेले नाहीत. गोव्यातील परवानाधारक कॅसिनोंमधला प्रत्यक्ष टेबलावरचा खेळ वेगळ्या, राज्याच्या कायद्याखाली चालतो.