अभिजात आणि साधक अभिसंधान : दोन रकाने कोणी आखले?

बी.एड.च्या नोट्समध्ये अभिसंधानाचे, म्हणजे अनुभवातून वर्तन जडण्याचे, दोन रकाने ठरलेले असतात. डावीकडे अभिजात अभिसंधान आणि पाव्हलॉव्ह यांचा कुत्रा, उजवीकडे साधक अभिसंधान आणि स्किनर यांचा उंदीर. ही वाटणी सुरुवातीपासूनची नाही.

इव्हान पाव्हलॉव्ह शरीरशास्त्रज्ञ होते. १९०४चे नोबेल त्यांना पचनक्रियेवरील कामासाठी मिळाले. अन्न तोंडात पडण्याआधीच, नुसत्या चाहुलीने कुत्र्याला लाळ सुटते, याचा माग त्यांनी पुढे आयुष्यभर काढला. (घंटेचेच नाव झाले, पण मेट्रोनोम आणि बझरही वापरात होते.) अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८च्या प्रबंधासाठी मांजरांना पेटीत कोंडले. खटका दाबला की दार उघडे आणि बाहेर खाणे; हळूहळू मांजरे लवकर सुटू लागली. कुत्र्याला काहीच करावे लागत नव्हते, मांजराला करावे लागत होते. खरा फरक हाच. पण तो नेमका मांडायला वेळ लागला.

तो मांडण्याचे श्रेय ज्यांना जाते, त्यांना ते पाठ्यपुस्तके क्वचितच देतात. पोलंडमधल्या वॉर्सातले येझी कोनोर्स्की आणि स्टेफान मिलर हे वैद्यकाचे विद्यार्थी. आवाज झाला की ते कुत्र्याचा पाय उचलून धरत आणि मग खाऊ देत. काही काळाने आवाज ऐकून कुत्रा स्वतःच पाय उचलू लागला. हे लाळेसारखे नाही, हा अभिसंधानाचा दुसरा प्रकार आहे, असे त्यांनी १९२८मध्ये मांडले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९३५मध्ये स्वतंत्रपणे दोन प्रकार सांगितले. पोलिश जोडीने त्यावर आक्षेप घेतला आणि १९३७च्या उत्तरात स्किनर यांनी ‘ऑपरंट’ (म्हणजेच साधक) हा शब्द वापरला. एका, अभिजात प्रकारात उद्दीपक (बाहेरून आलेली खूण) प्रतिक्रिया ओढून काढतो. दुसऱ्यात प्राणी आपणहून काही करतो आणि परिणाम त्या वर्तनाला बळ देतो. आजची व्याख्या या वादातून आली आहे.

रकान्यांमधली रेघ मात्र पुढे पुसट झाली. १९६८मध्ये ब्राउन आणि जेंकिन्स यांनी कबुतरांसमोर बटणावर दिवा लावून लगेच दाणे दिले. टोचण्याची अट नव्हती, तरी कबुतरे बटण टोचू लागली. टोचणे हे तर साधक वर्तनाचे नेहमीचे उदाहरण! पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात टोचले की दाणे रद्द, अशी उलटी अट घातली गेली. बहुतेक कबुतरे तरीही टोचत राहिली. म्हणजे साधक वाटणारे वर्तन इथे अभिजात पद्धतीने घडत होते.