एलीया कोणता आणि अलीशा कोणता?

मराठी बायबलमधली ‘राजे’ ही दोन पुस्तकं वाचताना एलीया आणि अलीशा यांची गल्लत झाली नाही असा वाचक विरळाच. दोघे इ.स.पू. नवव्या शतकातले, उत्तरेकडच्या इस्राएल राज्यातले संदेष्टे, त्यातून गुरु-शिष्य. दोघांनी एकेका बाईचा मेलेला मुलगा उठवला, दोघांच्या शब्दाने विधवेच्या घरचं तेल सरेना, आणि दोघांनी यार्देन नदीचं पाणी दुभंगलं तेही एकाच झग्याने.

यातल्या बायका लक्षात ठेवल्या तर निम्मा गुंता सुटतो. सारफथची विधवा एलीयाच्या वाट्याची. तिचंच पीठ आणि तेल पुरलं, तिचाच मुलगा उठला. अलीशाच्या गोष्टीत मात्र बायका दोन आहेत. एकीची मुलं सावकार गुलाम करून नेणार होता, तिच्या घरचं तेल वाढलं. दुसरी शुनेमची, नवरा असलेली, खात्यापित्या घरची. तिने संदेष्ट्यासाठी धाब्यावर खोली बांधली, पलंग, मेज आणि दिवासुद्धा ठेवला.

खरा फरक दिसतो तो राजाशी असलेल्या नात्यात. एलीया राजाला नको असलेला माणूस. तो अचानक इस्राएलच्या अहाब राजासमोर उभा राहतो, पाऊस पडणार नाही म्हणून सांगतो आणि नाहीसा होतो. कर्मेल डोंगरावर बआल या परक्या देवाच्या 450 संदेष्ट्यांना एकटा आव्हान देतो, जिंकतो, आणि लगेच ईजबेल राणीच्या धमकीने पळत सुटून रानात मरण मागतो. नाबोथाचा द्राक्षमळा बळकावायला अहाब निघतो तेव्हा पुन्हा हाच वाटेत उभा! अलीशाकडे उलट राजेच येतात. लढाईत पाणी संपलं की त्याला विचारतात. शेजारच्या अराम राज्याची फौज कुठे दबा धरून बसलीय ते तो राजाला आधी कळवतो. अरामाचा सेनापती नामान कोड बरं व्हावं म्हणून रथ घेऊन त्याच्या दाराशी येतो, तर हा बाहेरही येत नाही, यार्देनेत सात बुडया मार असा निरोप पाठवतो.

म्हणून अलीशाला मवाळ समजायचं कारण नाही. होरेब डोंगरावर देवाने एलीयाला तीन कामं सांगितली होती: हजाएलाला अरामाचा राजा म्हणून अभिषेक, येहूला इस्राएलचा, आणि अलीशाला आपल्या जागी संदेष्टा म्हणून. एलीयाने त्यातलं अलीशाचं तेवढं केलं. तेही नांगर धरलेल्या अलीशावर जाता जाता झगा टाकून. हजाएल राजा होणार हे दमास्कसात रडत रडत सांगितलं अलीशाने, आणि येहूकडे अभिषेकाचं तेल घेऊन शिष्य पाठवला तोही त्यानेच. अहाबाचं घराणं बुडालं ते त्यातून. माझ्या मते राजकारणावर ठसा मोठा शिष्याचाच.

इथे दगडही बोलतो. ‘तेल दान’ नावाच्या उत्खननाच्या जागी 1993 साली सापडलेला अरामी शिलालेख बहुतेक अभ्यासक हजाएलाचा मानतात. त्यात इस्राएलचा राजा आणि दावीदाच्या घराण्याचा, म्हणजे दक्षिणेकडच्या यहूदा राज्याचा राजा आपणच मारल्याचा दावा आहे. बायबल त्या दोघांना मारल्याचं येहूच्या नावावर लावतं.

शेवटही दोघांचे निराळे. एलीया अग्निरथ दिसल्यावर वावटळीतून वर गेला, त्याला मरण नाही. अलीशा आजारपणात वारला. त्याच्या हाडांना स्पर्श होऊन एक प्रेत उठल्याची गोष्ट आहे, पण तो स्वतः कबरीतच राहिला. पुढे बायबलमधल्याच ‘इतिहास’ नावाच्या दोन पुस्तकांत एलीया फक्त यहूदाच्या राजाला लिहिलेल्या एका पत्रापुरता उरतो, आणि अलीशाचं तर नावही नाही. कुराणात दोघे आहेत, इल्यास आणि अल-यसा.

न मेलेला माणूस परत येऊ शकतो, म्हणून लोकांनी वाट पाहिली ती एलीयाची. बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकाच्या शेवटी त्याच्या येण्याचं वचन आहे, वल्हांडण सणाच्या रात्री ज्यू घरांत त्याच्यासाठी प्याला भरला जातो. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू लोकांनी तर त्याला अलिबागजवळच्या खंडाळ्यात आणलं. तिथल्या खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या आणि घोड्याच्या टापांच्या मानतात, आणि नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात एलियाहू हन्नाबीच्या (म्हणजे एलीया संदेष्ट्याच्याच) नावाने मलिदा करतात: गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. अलीशाच्या नावाने असं काही होत नाही.