निळ्या कन्सोल केबलच्या मागे काय आहे?

हिंजवडीतली सर्व्हर रूम असो की भोसरीतल्या कारखान्यातला धुळीने माखलेला रॅक, नवा नेटवर्क स्विच (संगणकांना एकमेकांशी जोडणारं उपकरण) आला की पहिलं काम ठरलेलं: त्याच्या कन्सोल पोर्टला, म्हणजे सेटिंग करायच्या पोर्टला, लॅपटॉपकडून निळी चपटी केबल लावायची, पुटी हा टर्मिनल प्रोग्रॅम उघडायचा, सिरीयल निवडायचं आणि एंटर मारायचा. बऱ्याचदा पुढे काहीच होत नाही. खिडकी काळीच राहते, नाहीतर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि भलतीच अक्षरं उमटतात. मग सल्ले सुरू होतात. केबल बदल, ड्रायव्हर टाक, स्पीड बदलून बघ, फ्लो कंट्रोल (समोरच्याला 'थांब' म्हणायची सोय) काढ. सल्ले चुकीचे नसतात, पण त्यातला कुठला कधी लागू पडतो हे कळायचं तर थोडं मागे जावं लागतं. कारण स्विचच्या कन्सोल पोर्टमध्ये नेटवर्कचं असं काहीच नाही. तो सगळा कारभार टेलिप्रिंटरच्या, म्हणजे तारेवरून आलेली अक्षरं कागदावर छापणाऱ्या यंत्राच्या, जमान्यातला आहे.

हा पोर्ट चालतो आरएस-२३२ या सिरीयल (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या) स्टँडर्डवर. ते अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने १९६० मध्ये काढलं. पुढे सगळीकडे रुळली ती १९६९ ची 'सी' आवृत्ती. हेतू अगदी मर्यादित होता: एका बाजूला टर्मिनल (टाइप करायचं आणि उत्तर दाखवणारं यंत्र), दुसऱ्या बाजूला मोडेम (टेलिफोनच्या तारेवरून माहिती नेणारं), आणि या दोघांमधल्या तारांवर कुठला सिग्नल कुठे असावा एवढंच ठरवायचं. वेग किती, एका अक्षराचे बिट किती, पॅरिटी (चूक पकडायला जोडलेला जादा बिट) कुठली, हे दोन्ही बाजूंनी आधीच ठरवून घ्यायचं. इथरनेटमध्ये केबल लावली की दोन्ही पोर्ट आपापसांत वेग ठरवून मोकळे होतात. इथे तशी सोयच नाही. त्यामुळे चूक झाली तर 'चूक झाली' असं सांगणारंही कोणी नसतं, आणि कन्सोलचा बहुतेक वैताग इथूनच सुरू होतो.

वेगाचं उदाहरण घ्या. १९६३ साली आलेला टेलिटाइप मॉडेल ३३ हा टेलिप्रिंटर सेकंदाला दहा अक्षरं छापायचा. एका अक्षराला एक स्टार्ट बिट (सुरुवातीची खूण), आठ बिट माहितीचे आणि दोन स्टॉप बिट (शेवटची खूण), म्हणून सेकंदाला ११० बिट, म्हणजेच ११० बॉड. दोन स्टॉप बिट का? तर यंत्रातल्या लोखंडाला पुढच्या अक्षरासाठी सावरायला उसंत हवी म्हणून. पडद्याची टर्मिनलं आली तशी ही गरज संपली, स्टॉप बिट एकावर आला आणि वेग दुप्पट-दुप्पट करत ३००, ६००, १२०० असा ९६०० वर पोचला. ८० गुणिले २४, म्हणजे १९२० अक्षरांचा पडदा भरायला ११० बॉडला तीन मिनिटांवर वेळ लागला असता. ९६०० ला दोन सेकंद लागतात. माणसाला वाचायला तेवढं पुरतं. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या सिरीयल कार्डावर १.८४३२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता. त्याला १६ ने भागलं की १,१५,२०० येतात आणि त्याला १२ ने भागलं की बरोबर ९६००. नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोने आपल्या उपकरणांना ९६०० हा डिफॉल्ट ठेवला, आणि म्हणून आजही आपण पुटीत तोच आकडा टाकतो. सगळ्या कंपन्या मात्र तो पाळत नाहीत. मायक्रोटिकचं उपकरण असेल तर १,१५,२०० टाकावं लागतं.

वेग चुकला की कचरा दिसतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कचऱ्याकचऱ्यातही फरक असतो, आणि तो बघायची सवय फार थोड्यांना असते. ऐकणारी बाजू स्टार्ट बिट दिसल्यापासून स्वतःचं घड्याळ चालवते आणि प्रत्येक बिटाच्या मध्यावर डोकावते. दहा बिटांत अर्ध्या बिटाएवढी घसरण झाली की शेवटचा बिट हुकतो, म्हणजे पाचेक टक्क्यांपर्यंतची तफावत खपते. ९६०० च्या जागी १९,२०० टाकलं तर एकही अक्षर धड येणार नाही. उलट पॅरिटी चुकली असेल तर अर्धी अक्षरं ठीक आणि अर्धी बिघडलेली दिसतात. समोरचा सात बिट आणि इव्हन पॅरिटीने (एकांची संख्या सम राहील असा जादा बिट जोडून) पाठवतोय आणि आपण आठ बिट, नो पॅरिटी लावलंय असं समजा. इंग्रजी 'ए'च्या कोडमध्ये दोन एक आहेत, त्यामुळे पॅरिटीचा बिट शून्य राहतो आणि 'ए' नीट दिसतो. 'सी'मध्ये तीन एक आहेत, तिथे वरचा बिट एक होतो आणि 'सी'च्या जागी भलतंच चिन्ह येतं. असा अर्धवट कचरा दिसला तर वेगाच्या मागे लागू नका.

स्विचच्या बाबतीत हा प्रसंग क्वचित येतो, पण भोसरी-चाकणच्या पट्ट्यात ज्यांनी जुन्या सीएनसी (संगणकी प्रोग्रॅमवर चालणाऱ्या) मशीनला लॅपटॉप जोडलाय त्यांच्या तो चांगलाच ओळखीचा असेल. तिथे सात बिट, इव्हन पॅरिटी आणि दोन स्टॉप बिट अजून भेटतात. मशीनच्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीला आणि शेवटी टक्क्याचं चिन्ह असतं, तेही कागदी टेपच्या काळातलंच. रीडरने टेप गुंडाळताना कुठे थांबायचं याची ती खूण.

त्या टेपनेच आपल्याला आणखी एक डोकेदुखी दिली. टेलिटाइपचा टेप रीडर दुरून चालू-बंद करायला दोन कंट्रोल कोड होते, एक्सऑन आणि एक्सऑफ. कीबोर्डवर ते कंट्रोल-क्यू आणि कंट्रोल-एस. आज कन्सोलवर चुकून कंट्रोल-एस दाबलं गेलं की स्विच 'हँग' झाला म्हणून बोंब होते. तो हँग झालेला नसतो, गप्प बस म्हटल्यावर गप्प बसलेला असतो. कंट्रोल-क्यू दाबा. हार्डवेअर फ्लो कंट्रोलची भानगड वेगळी. त्यासाठी आरटीएस ('पाठवू का?') आणि सीटीएस ('पाठव') या वेगळ्या तारा लागतात आणि कित्येक केबलमध्ये त्या जोडलेल्याच नसतात. विंडोज ९५ पासून एक्सपीपर्यंत सोबत येणारं हायपरटर्मिनल नेमकं हार्डवेअर फ्लो कंट्रोल गृहीत धरायचं. मग बूटचे मेसेज व्यवस्थित यायचे, पण टाइप केलेलं एक अक्षर पुढे सरकायचं नाही. फ्लो कंट्रोल 'नन' करा हा सल्ला त्या पिढीने आपल्याला दिलाय.

आता केबल. मूळ कल्पनेत टर्मिनल आणि मोडेम अशा दोन वेगळ्या जाती होत्या, त्यामुळे तार सरळ चालायची. लॅपटॉप आणि स्विच मात्र दोघेही टर्मिनलच्या बाजूचे निघाले, म्हणून पाठवायची आणि ऐकायची तार अदलाबदल करणं भाग पडलं. सिस्कोने आठ पिनांच्या आरजे-४५ मध्ये याची फार सुबक सोय केली. तिसऱ्या पिनवर पाठवणं, सहाव्यावर ऐकणं, मधल्या चौथ्या-पाचव्यावर ग्राउंड. केबल एका टोकाला उलटी क्रिंप केली, म्हणजे १ ला ८, २ ला ७, ३ ला ६, ४ ला ५, की सगळं आपोआप जुळतं. हीच ती रोलओव्हर केबल. तोटा एवढाच की ती इथरनेटच्या भोकात अगदी चपखल बसते, आणि घाईत तिथेच खुपसली जाते. एपीसी कंपनीच्या काही यूपीएसच्या सिरीयल पोर्टला तर साधी सिरीयल केबल लावली की यूपीएसच बंद पडतो, कारण तिथल्या पिनांची रचना वेगळी आहे. रॅकमध्ये स्विच आणि यूपीएस शेजारी असतील तर आधी पोर्टवरचं नाव वाचा.

लॅपटॉपवरचा नऊ पिनांचा पोर्ट गेला आणि यूएसबी कन्व्हर्टर आले, तेव्हापासून संशयाला एक जागा वाढली. पुण्याच्या तपकीर गल्लीतून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, आतली चिप कुठली हे वेष्टनावर क्वचितच असतं. २०१४ मध्ये एफटीडीआय या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला आणि लोकांचे चालते कन्व्हर्टर एका अपडेटमध्ये मुके झाले. प्रोलिफिक या दुसऱ्या चिप कंपनीचा नवा ड्रायव्हर जुनी चिप दिसली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये ती २०१२ पासून बंद झाल्याचं सांगून हात वर करतो. कन्व्हर्टरवर संशय असेल तर त्याच्या नऊ पिनांतल्या २ आणि ३ पेपर क्लिपने जोडा, फ्लो कंट्रोल 'नन' ठेवा आणि टाइप करा. अक्षरं परत आली तर लॅपटॉप, ड्रायव्हर आणि कन्व्हर्टर ठीक आहेत. दोष पुढे शोधायचा.

स्वस्त कन्व्हर्टरची आणखी एक खोड म्हणजे काहींना ब्रेक पाठवता येत नाही. ब्रेक हे अक्षर नव्हेच. तार तुटल्यावर टेलिप्रिंटरला जे दिसायचं ते, म्हणजे एका अक्षराहून जास्त वेळ चाललेलं शून्य. सिस्को राउटरचा पासवर्ड विसरला की बूट होताना हाच ब्रेक लागतो. तो जात नसेल तर एक जुनी युक्ती आहे: पुटीत वेग १२०० करायचा, राउटर बंद-चालू करायचा, दहा-पंधरा सेकंद स्पेसबार दाबून धरायचा आणि मग वेग परत ९६०० वर आणायचा. जादू नाही. स्पेसच्या कोडमध्ये स्टार्ट बिट धरून ओळीने सहा शून्य येतात. १२०० च्या वेगाने ती पाच मिलिसेकंद चालतात आणि ९६०० ने ऐकणाऱ्या राउटरचं अख्खं अक्षर साधारण एका मिलिसेकंदात संपतं. त्याला तो ब्रेकच वाटतो. सिस्कोच्याच कॅटलिस्ट स्विचवर मात्र हे करत बसू नका. २९६० सारख्या मॉडेलवर समोरच्या बाजूचं मोड बटण दाबून धरून वीज द्यावी लागते.

नव्या स्विचवर यूएसबी कन्सोलही असतो. म्हणजे कन्व्हर्टरची चिप लॅपटॉपच्या बाजूने उचलून स्विचच्या पोटात बसवली, इतकंच. विंडोजला तो कॉम पोर्टच दिसतो आणि वेग तोच टाकायचा. कॅटलिस्टच्या काही मॉडेलवर दोन्ही पोर्ट एकदम जोडलेले असतील तर आउटपुट दोन्हीकडे दिसतं, पण टायपिंग फक्त यूएसबीचं घेतलं जातं. निळ्या केबलवर मजकूर झरझर येतोय आणि कीबोर्डला मात्र दाद मिळत नाही, असं झालं तर फ्लो कंट्रोल बघाच, पण त्याआधी यूएसबी पोर्टात कोणी केबल लावून ठेवली आहे का तेही बघा.