प्रिंटला देताना मूळ फोटो द्या, क्रॉप आपण मिळून करू

पावसाळा सरत आला की ब्लॅक अँड व्हाईट लँडस्केपच्या ऑर्डरी वाढतात, कास, ठोसेघर, चाळकेवाडी, सज्जनगड, आणि आमच्या प्रिंटच्या दुकानात काउंटरवर तोच प्रश्न येतो: "आम्ही फोटो नीट क्रॉप करून दिलेला, तुम्ही परत का कापायला लागलाय?" कापायला लागतं कारण तुम्ही क्रॉप केला मोबाईलच्या स्क्रीनला बघून आणि प्रिंट निघणार कागदाच्या मापाला. ही दोन मापं जुळत नाहीत. आमचा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

डीएसएलआर नाहीतर मिररलेस कॅमेऱ्याचा फोटो बहुतेक ३:२ (रुंदी-उंचीचं प्रमाण) असतो, तो ८ बाय १२, १२ बाय १८, १६ बाय २४ वर न कापता पूर्ण बसतो. मोबाईलचा मूळ फोटो साधारण ४:३, त्याला ९ बाय १२ किंवा १८ बाय २४ घ्या. आता चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांचा फोटो तुम्ही १६:९ ला कापून आणला आणि म्हणालात १२ बाय १८ करा, तर बारा इंच उंची भरायला रुंदी एकवीस इंचाच्या वर जाते, म्हणजे तीन इंचापेक्षा जास्त भाग कुठूनतरी जाणार आणि कडेची पवनचक्की नेमकी पात्यात कापली जाणार. असं आम्ही न विचारता करत नाही. फोन करतो, तुम्ही कामावर असता, संध्याकाळी बोलणं होतं तेव्हा कळतं की मूळ फाईल डिलीट झालीय, मग पांढरी पट्टी ठेवायची का कड कापायची यावर ऑर्डर अडकून पडते. उशीर का झाला विचारता तेव्हा बऱ्याच वेळा कारण एवढंच असतं.

दुसरी गोष्ट पिक्सेलची. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० बाय ४०००, तो ३०० पीपीआयला, म्हणजे एका इंचात ३०० पिक्सेल धरले तर, २० बाय १३ इंचापर्यंत आरामात जातो. त्यातली निम्मी रुंदी, निम्मी उंची ठेवली तर उरतात ६ मेगापिक्सेल, आणि साईज येते १० बाय साडेसहावर. भिंतीवरच्या मोठ्या प्रिंटला २०० पण चालतं कारण ती लांबून बघतात, पण फार खाली गेलं की सज्जनगडाच्या कातळाचा पोत गुळगुळीत होऊन जातो, आणि रंग काढून टाकल्यावर बघायला पोत आणि उजेडच तर उरतो! व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून टाकला तर तो अजून लहान होऊन येतो, त्यामुळे डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.

आता क्रॉप कुठं करायचा. आधी ब्लॅक अँड व्हाईट करून बघा आणि मगच ठरवा, कारण रंगात भरलेली दिसणारी जागा नंतर रिकामी निघते. कासवरचा गुलाबी तेरडा आणि हिरवं गवत ग्रे मध्ये जवळजवळ एकच होतात, सोनकीचा पिवळा मात्र उजळ राहतो. रंगीत फाईल हातात असली तर हिरवा खाली घेऊन, म्हणजे गडद करून, तेरडा वेगळा काढता येतो, तुम्ही आधीच ब्लॅक अँड व्हाईट करून दिलात तर ते जमत नाही. आभाळ नुसतं पांढरं असेल तर निर्दयपणे कापा, पांढऱ्या माउंटमध्ये (फ्रेममध्ये फोटोभोवती लावतात तो पुठ्ठा) ते विरघळून जातं आणि फोटोची वरची कडच सापडत नाही. ढगांना आकार असेल तर उलट जमीन कमी करा. कडेला डबक्याची चमक, पांढरी गाडी असलं काही राहू देऊ नका, डोळा सरळ तिथं जातो. क्षितिज सरळ करताना चारही कोपरे थोडे जातात, म्हणून काढतानाच जरा मोकळं काढा. आणि क्षितिज मध्ये नको हा नियम वाईजवळच्या मेणवलीच्या नदीघाटाला लावू नका, पाणी शांत असेल तर प्रतिबिंबासकट चौकोनी क्रॉप तिथं फार सुंदर दिसतो.

काही जण म्हणतात क्रॉप म्हणजे फसवणूक. क्रॉपला ठाम विरोध असणाऱ्या फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ मधला पॅरिसचा, साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा प्रसिद्ध फोटोसुद्धा क्रॉप केलेलाच आहे, कारण कडेला कुंपण आलं होतं. गरज असेल तिथं करा.

तर ऑर्डर देताना रंगीत मूळ फाईल द्या, रॉ (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली फाईल) असेल तर उत्तम, सोबत तुम्हाला हवा तसा क्रॉप करून त्याचा स्क्रीनशॉट द्या म्हणजे तुमच्या मनात काय आहे ते कळतं, आणि साईज सांगा. साईज ठरत नसेल तर दुपारी दुकानात या, गर्दी कमी असते, स्क्रीनवर दोन-तीन क्रॉप शेजारी शेजारी लावून दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही. लांबट किंवा चौकोनी फोटो मापात कोंबायची गरज नाही, माउंट आम्ही हव्या त्या मापाचा कापून देतो. ब्लॅक अँड व्हाईट आपण वेगळ्या ग्रे शाईच्या इंकजेटवर मॅट पेपरला काढतो, नेहमीच्या रंगीत फोटोपेपरवर बऱ्याचदा हिरवट नाहीतर जांभळट झाक येते, फरक बघायचा असेल तर दोन्ही नमुने काउंटरवर लावलेत. दिवाळीआधी फ्रेमिंगला गर्दी होते, १६ बाय २४ च्या वरचं काम असेल तर जरा लवकर आणून द्या.