कोको ब्रेड

कोको ब्रेड : जमैका बेटावरील, यीस्टने फुगवलेला आणि बटर लावून दुमडलेला मैद्याचा मऊ पाव. मळून फुगवलेल्या पिठाची गोल चकती लाटतात, तिला वितळवलेले बटर फासतात, चकती मधोमध दुमडून वरूनही बटर लावतात आणि भट्टीत भाजतात. भाजलेला पाव घडीच्या जागी सहज उघडतो व त्यात मसालेदार खिम्याची पॅटी (सारण भरून भाजलेली, करंजीसारखी) ठेवून खातात. शाळकरी मुले आणि कामकरी यांचे हे दुपारचे नेहमीचे खाणे होय. पाव बेकरीतून आणण्याचीच चाल जास्त असली, तरी साचा किंवा विशेष उपकरण लागत नसल्याने तो घरीही उत्तम होतो.

या पावात नारळाचे दूध असावे की नाही, याबद्दल एकमत नाही. कॅरिबियनबाहेर प्रसिद्ध होणाऱ्या पाककृतींत ते बहुधा असते. जमैकातील अनेक बेकऱ्यांच्या पावात मात्र साधे दूध किंवा पाणीच असते. नावावरून निवाडा करणे धोक्याचे आहे, कारण जमैकन बोलीत ‘कोको’ म्हणजे अळकुडीच्या कुळातील एक कंदही होतो. नारळ हे बेटाचे मूळ झाडही नव्हे. पोर्तुगीजांनी तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आफ्रिकेच्या पश्चिमेकडील केप व्हर्दे बेटांवर नेला आणि तेथून सोळाव्या शतकात तो कॅरिबियन बेटांवर पोचला, असे सर्वसाधारणपणे मानतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नारळाच्या जनुकीय अभ्यासाने याला पुष्टी मिळाली : अटलांटिक किनाऱ्यांवरील नारळ हिंदी महासागरी गटाचे ठरले, आणि त्या गटाची मूळ लागवड भारतीय उपखंडाच्या दक्षिण टोकाच्या परिसरात झाली असावी, असा निष्कर्ष निघाला. कोकणातील माड आणि जमैकाच्या किनाऱ्यावरील माड यांचे नाते त्यामुळे दूरचे असले तरी खरे आहे. तथापि पावाचे वैशिष्ट्य घडी व बटर यांत आहे; नारळाचे दूध वगळूनही तो कोको ब्रेडच राहतो. म्हणून नारळाचे दूध ही ऐच्छिक भर समजणे अधिक योग्य वाटते.

गहू जमैकात पिकत नाही. बेटावरील मूळ टाइनो लोकांची भाकरी कसाव्याच्या कंदाची असे व तिची परंपरा ‘बॅमी’ या पदार्थात आजही टिकून आहे. ब्रिटिश अमलात गव्हाचे पीठ उत्तर अमेरिकेतील वसाहतींतून, तर खारवलेले लोणी पिंपांत भरून आयर्लंडमधील कॉर्क बंदरातून येई. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धामुळे हा व्यापार विस्कटला. पुढे १७८३ मध्ये ब्रिटनने अमेरिकी जहाजांना वेस्ट इंडीजची बंदरे बंद केली आणि त्याच दशकात लागोपाठ चक्रीवादळे झाली. उपासमारीने हजारो गुलाम मेले. १७९३ मध्ये ब्रिटिश नौदलातील कॅप्टन ब्लाय याने ताहितीहून विलायती फणसाची रोपे आणली, ती या गुलामांना स्वस्त अन्न मिळावे म्हणून. शुभ्र पीठ आणि लोणी त्या काळी मालकांच्या टेबलावरचे पदार्थ होते; मळ्यांवर राबणाऱ्यांच्या वाट्याला कोनफळासारखे याम कंद, हिरवी केळी आणि खारे मासे येत. १८३८ मध्ये गुलामगिरीतून पूर्ण मुक्तता झाली, तरी पांढरा लोणीदार पाव सर्वसामान्यांचा व्हायला बराच काळ जावा लागला. रोलर गिरण्यांचे स्वस्त पीठ आणि कारखान्यात तयार झालेले यीस्ट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजारात आले. हे ध्यानात घेता, आजच्या स्वरूपातील कोको ब्रेड विसाव्या शतकापूर्वीचा मानण्यास फारसा आधार नाही.

पावाची घडी कोठून आली, याविषयी निरनिराळे तर्क संभवतात. जमैकातील ‘हार्ड डो’ नावाच्या घट्ट, किंचित गोड पावाचे श्रेय चिनी बेकरांना दिले जाते. १८५४ पासून चिनी मजूर जमैकात आले. त्यांत व त्यांच्या मागून आलेल्यांत हाक्का समाजाचे लोक बहुसंख्य होते, आणि पुढे किराणा दुकाने व बेकऱ्या यांत त्यांचा जम बसला. चिनी पाककलेत तेल लावून दुमडलेला, वाफवलेला अर्धगोल पाव आहे, आणि त्यातही मांस भरतात. दुसरीकडे अमेरिकेत बॉस्टनमधील पार्कर हाउस हॉटेलचा बटर लावून दुमडलेला रोल १८७० च्या दशकापासून प्रसिद्ध आहे. त्याच दशकात जमैकाची केळी जहाजाने बॉस्टनला जाऊ लागली होती, त्यामुळे जमैका व बॉस्टन यांत दळणवळण होते. हे दोन्ही धागे मोहात पाडणारे आहेत, परंतु केवळ साम्यावरून वंशावळ ठरत नाही. इंग्रजी दुधाच्या पावाचे पीठ, बेकरीतील चिनी हात आणि पॅटी धरायला सोयीचा आकार, अशी स्थानिक घडण मानणे सयुक्तिक दिसते. हार्ड डो आणि कोको ब्रेड यांचे पीठही बरेचसे सारखे असते.

पॅटीच्या बाबतीत चित्र अधिक स्पष्ट आहे. तिचे कवच इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या पेस्टीवरून आले. त्याचा पिवळा रंग आणि सारणातील करी मसाला यांवर भारतीय ठसा आहे. भारतीय करारबद्ध मजुरांचे पहिले जहाज मे १८४५ मध्ये ओल्ड हार्बर बे येथे लागले. ही भरती कलकत्ता व मद्रास बंदरांतून होई. मुंबईहून गेलेले मराठी मजूर मुख्यतः मॉरिशसला गेले, त्यामुळे जमैकाच्या खाद्यसंस्कृतीत मराठी धागा शोधण्यात अर्थ नाही.

कृती : आठ पावांसाठी ५०० ग्रॅम मैदा, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ५० ग्रॅम साखर, ८ ग्रॅम मीठ, एक अंडे, २४० ते २६० मिलिलिटर कोमट दूध आणि पिठात घालण्यासाठी ६० ग्रॅम बटर घेतात, फासायला आणखी सुमारे ५० ग्रॅम लागते. बटर खारे असेल तर मीठ थोडे कमी करावे. भारतीय मैद्यात प्रथिने साधारण ९ ते ११ टक्के असतात व ब्रेडसाठीच्या परदेशी पिठापेक्षा तो कमी द्रव शोषतो, म्हणून दूध एकदम न ओतता हात राखून घालावे. दूध आधी उकळीपर्यंत तापवून मग कोमट करणे चांगले : न तापवलेल्या दुधातील काही प्रथिने ग्लुटेनची (पिठाला लवचीकपणा देणाऱ्या प्रथिनांची) जाळी सैल करतात, उष्णतेने त्यांचा हा गुण जातो. यीस्ट घालताना दूध बोटाला जेमतेम ऊन लागावे, म्हणजे ३८ ते ४० अंश सेल्सिअस. ६० अंशांच्या आसपास यीस्ट मरते.

बटर शेवटी मिसळण्याला कारण आहे. मैद्यात आधीच स्निग्ध पदार्थ गेला तर प्रथिनांना पाणी नीट मिळत नाही आणि जाळी अशक्त राहते. पीठ आठ-दहा मिनिटे मळून लवचीक झाल्यावरच मऊ बटर थोडेथोडे जिरवावे. मग पीठ झाकून दुप्पट होईपर्यंत, एक ते दीड तास, ठेवावे. मुंबईच्या उन्हाळ्यात हा वेळ बराच कमी होतो. घड्याळापेक्षा पिठाकडे पाहावे.

फुगलेल्या पिठाचे आठ गोळे करून दहा मिनिटे विसावू द्यावेत, नाहीतर लाटताना ते आक्रसतात. प्रत्येक गोळ्याची सुमारे १५ सेंटिमीटरची, अर्धा सेंटिमीटर जाड चकती लाटावी, तिच्यावर कडेपर्यंत वितळवलेले बटर लावावे आणि दुमडावे. यातले तत्त्व घडीच्या पोळीचेच आहे : स्निग्धांशाचा पातळ थर दोन पृष्ठभागांना एकमेकांत मिसळू देत नाही. क्रोइसाँ या पापुद्री फ्रेंच पावामध्ये थंड, घट्ट लोण्याचे अनेक थर असतात. येथे एकच थर, तोही वितळलेला, म्हणून पापुद्रे सुटत नाहीत, फक्त घडी उघडते. बटरमध्ये सुमारे १६ टक्के पाणी असते, त्याची वाफ घडी किंचित उचलते. तूप वापरले तर पाव वेगळा सुटतो, पण ही वाफ मिळत नाही, आणि तुपाचा वासही या पावाचा नव्हे. घडीची कड दाबून बंद करू नये.

दुमडलेले पाव २० ते ३० मिनिटे फुगू देऊन १८० अंशांवर १५ ते १८ मिनिटे भाजावेत. ओव्हनच्या तळाशी गरम पाण्याची थाळी ठेवली तर पृष्ठभाग लवकर कडक होत नाही. रंग फिकट सोनेरी असतानाच काढावेत आणि लगेच बटर लावून फडक्याखाली झाकावेत. दुधातील लॅक्टोज (एक शर्करा) यीस्टला पचत नाही, ते उरते व रंग आणते. नारळाच्या दुधात ते नसल्याने पाव थोडा पांढुरका राहतो आणि स्निग्धांश जास्त असल्याने भरीवही होतो. अर्धे दूध व अर्धे नारळाचे दूध हा मध्यम मार्ग घरी चांगला साधतो.

कॅरिबियन परिसरात इतरत्रही लोणीदार पावांची परंपरा आहे. गयानातील ‘बटरफ्लॅप’ हा जवळचा नातेवाईक, त्याची चकती दोनदा दुमडून त्रिकोणी करतात. मार्तिनिकमध्ये ‘पाँ ओ बर’ हा वेणीचा गोडसर पाव बारसे व पहिले कम्युनिअन या ख्रिस्ती विधींच्या वेळी दाट चॉकलेटबरोबर देतात.

स्थलांतरितांबरोबर कोको ब्रेड लंडन, न्यूयॉर्क आणि टोरांटो येथे गेला. न्यूयॉर्कच्या काही पिझ्झा दुकानांत तो चीज घातलेल्या पॅटीसह मिळतो. कॅनडात १९८५ मध्ये ‘बीफ पॅटी’ या नावाला अन्न निरीक्षकांनी हरकत घेतली, कारण नियमानुसार ते नाव केवळ हॅम्बर्गरच्या मांसाच्या चकतीला लागू होते. विक्रेत्यांनी दाद मागितल्यावर ‘जमैकन पॅटी’ या नावावर तडजोड झाली.