उच्च शिक्षणसंस्था आणि शाश्वतता

आजच्या पिढीच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला धक्का लागू न देणे, ही शाश्वत विकासाची सर्वत्र रूढ झालेली व्याख्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आयोगाने १९८७ मध्ये मांडली. या दिशेने समाजाला नेण्याच्या कामी महाविद्यालये आणि विद्यापीठे काय करू शकतात, त्यांनी आजवर काय केले आणि त्यांच्या वाटेत कोणते अडथळे आहेत, यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. अभियंते, डॉक्टर, वकील, शिक्षक, प्रशासक आणि अर्थतज्ज्ञ याच संस्थांमधून घडतात. ऊर्जा, पाणी, जमीन व कारखाने यांविषयीचे निर्णय बहुतांशी त्यांच्याच हातात असतात. त्यामुळे पर्यावरणाच्या ऱ्हासात सुशिक्षितांचा वाटा मोठा आहे, ही गोष्ट या विषयाच्या मुळाशी आहे आणि ती स्वीकारल्याखेरीज विद्यापीठांच्या नेतृत्वाची चर्चा प्रामाणिकपणे करता येत नाही.

स्टॉकहोम येथे १९७२ मध्ये झालेल्या मानवी पर्यावरणविषयक परिषदेपासून शिक्षणाचा उल्लेख आंतरराष्ट्रीय दस्तऐवजांत येऊ लागला आणि १९७७ च्या तिबिलिसी परिषदेने पर्यावरण शिक्षणाची उद्दिष्टे ठरवून दिली. विद्यापीठांनी स्वतःवर जबाबदारी घेण्याचा प्रसंग मात्र ऑक्टोबर १९९० मध्ये आला. टफ्ट्स विद्यापीठाचे अध्यक्ष जाँ मेयर यांच्या निमंत्रणावरून २२ कुलगुरू व विद्यापीठप्रमुख फ्रान्समधील तालुआर या गावी जमले आणि त्यांनी दहा कलमी जाहीरनामा तयार केला. पुढे ५० हून अधिक देशांतील ५०० हून अधिक संस्थांनी त्यावर स्वाक्षऱ्या केल्या. त्यानंतर हॅलिफॅक्स (१९९१), क्योटो व स्वॉन्सी (१९९३) आणि ल्यूनेबुर्ग (२००१) येथून असेच जाहीरनामे निघाले. संयुक्त राष्ट्रांनी २००५ ते २०१४ हे दशक शाश्वत विकासासाठीच्या शिक्षणाला वाहिले आणि २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी ४.७ या लक्ष्यात हा विषय समाविष्ट झाला. जाहीरनाम्यांची ही मालिका लांबलचक आहे. स्वाक्षरी करणाऱ्या कुलगुरूंचा कार्यकाळ संपल्यावर कागद कपाटात गेला, असे अनेक ठिकाणी घडले असले, तरी या कागदांमुळे विद्यार्थ्यांच्या आणि प्राध्यापकांच्या हाती जाब विचारण्याचा एक आधार आला, हेही खरे आहे.

ज्ञाननिर्मिती. विद्यापीठांचे समाजावरचे सर्वांत मोठे ऋण ज्ञानाचे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतील चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ येथे हवेतील कार्बन डायऑक्साइडचे सलग मापन सुरू केले. त्या वेळी हे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ३१३ भाग होते आणि आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. हवामानबदलाच्या चर्चेत जो चढता आलेख सतत दाखवला जातो, तो याच कामातून उभा राहिला. निधीच्या कपातीमुळे १९६४ मध्ये हे मापन काही महिने बंद पडले होते. दरवर्षी नवे निष्कर्ष मागणाऱ्या संशोधन-व्यवस्थेत, तेच मोजमाप वर्षानुवर्षे करत राहणाऱ्या कामाला पैसा मिळवणे किती कठीण असते, याचे हे बोलके उदाहरण आहे. अशी दीर्घकालीन निरीक्षणे चिकाटीने चालू ठेवणे हे विद्यापीठांचे खास काम मानले पाहिजे, कारण तात्काळ नफ्याची अपेक्षा असलेली कोणतीही संस्था ते सहसा हाती घेणार नाही.

अर्व्हाइन येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शेरवूड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी केलेले कामही याच तोडीचे आहे. शीतकपाटे आणि फवाऱ्याचे डबे यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुओरोकार्बन वायू ओझोनच्या थराला पोखरतात, हे त्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. त्यांनी शोधनिबंध छापून आपले काम संपले असे मानले नाही. उद्योगक्षेत्राचा कडवा विरोध सोसून त्यांनी हा धोका जाहीरपणे मांडला. अंटार्क्टिकावरील ओझोनचे विवर १९८५ मध्ये जगापुढे आले, १९८७ मध्ये ओझोनला मारक वायूंवर निर्बंध घालणारा माँट्रियल करार झाला आणि १९९५ मध्ये या दोघांना पॉल क्रुट्झन यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोगशाळेपासून आंतरराष्ट्रीय करारापर्यंतचे हे अंतर १३ वर्षांत कापले गेले. संशोधकाने निष्कर्षाच्या मागे उभे राहायचे ठरवले आणि विद्यापीठाने त्याला तेवढे स्वातंत्र्य दिले, तर काय होऊ शकते हे यातून कळते.

अध्यापन. अभ्यासक्रमात शाश्वतता आणण्याच्या दोन वाटा आहेत. एक वाट स्वतंत्र विषयाची किंवा स्वतंत्र विभागाची. अॅरिझोना राज्य विद्यापीठाने २००६ मध्ये शाश्वततेसाठी वेगळे विद्यालय काढले, तर ल्यूनेबुर्गच्या लॉयफाना विद्यापीठाने २०१० मध्ये त्यासाठी स्वतंत्र विद्याशाखा स्थापन केली. दुसरी वाट प्रत्येक विषयात हा विचार मुरवण्याची. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने सिमेंटच्या निर्मितीत किती वायू बाहेर पडतात हे शिकावे, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ताळेबंदात न दिसणारा खर्च कोणाच्या माथी पडतो हे तपासावे. ही वाट अधिक परिणामकारक असली, तरी ती बरीच अवघड आहे, कारण तीत प्रत्येक प्राध्यापकाला आपल्या जुन्या टिपणांना हात घालावा लागतो. लॉयफाना विद्यापीठाने दोन्ही वाटांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला असून तेथे पहिल्या सत्रात सर्व शाखांचे विद्यार्थी एकत्र बसून विज्ञानाच्या जबाबदारीचा अभ्यास करतात.

सक्तीचा स्वतंत्र विषय हा सर्वांत सोपा उपाय असतो आणि बहुधा तोच सर्वांत कमी फळतो. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्णयानंतर पदवीच्या पातळीवर पर्यावरण अभ्यास अनिवार्य झाला. या विषयाची व्याप्ती फार मोठी आहे, परंतु मुख्य विषयांच्या गुणांपुढे त्याला दुय्यम स्थान मिळाले, की तो परीक्षेपुरता पाठ करण्याचा विषय होऊन बसतो. ही अडचण एका देशापुरती नाही. ज्या विषयाचा आपल्या पुढच्या व्यवसायाशी काय संबंध आहे हे कोणी सांगत नाही, त्याकडे विद्यार्थी गांभीर्याने पाहत नाहीत.

परिसर हाच पाठ. विद्यार्थी वर्गात जे ऐकतो त्यापेक्षा आजूबाजूला जे पाहतो ते अधिक काळ लक्षात ठेवतो. ऊर्जाबचतीवर व्याख्यान चालू असताना रिकाम्या शेजारच्या दालनात वातानुकूलन यंत्र घरघरत असेल, तर त्या दिवशीचा खरा धडा ते यंत्र देत असते. म्हणून संस्थेचा परिसर हा अध्यापनाचाच भाग आहे, हा विचार गेल्या तीन दशकांत दृढ झाला. अमेरिकेतील ओबर्लिन महाविद्यालयात डेव्हिड ऑर यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली अॅडम जोसेफ लुईस केंद्राची इमारत २००० मध्ये वापरात आली. तिच्यातील सांडपाणी इमारतीच्याच काचगृहात, वनस्पतींनी भरलेल्या टाक्यांमधून फिरवून शुद्ध केले जाते, त्यामुळे आपण वापरलेल्या पाण्याचे पुढे काय होते हे विद्यार्थ्याला वर्गाकडे जाता-येता दिसते.

याच महाविद्यालयाच्या वसतिगृहांत २००५ मध्ये केलेला एक प्रयोग फार बोधक आहे. दोन आठवड्यांची बचत-स्पर्धा ठेवून विद्यार्थ्यांना आपापल्या वसतिगृहाचा वीजवापर कळवला गेला. काही वसतिगृहांत तो जवळजवळ क्षणोक्षणी पडद्यावर दिसत होता, तर इतरांना तो आठवड्यातून एकदा समजत होता. एकंदर वीजवापर ३२ टक्क्यांनी घटला. क्षणोक्षणीची माहिती मिळणाऱ्यांनी ५५ टक्के बचत केली, तर इतरांनी ३१ टक्के. पाण्याच्या वापरातील घट मात्र जेमतेम ३ टक्के होती. स्पर्धेच्या दोन आठवड्यांत जमलेली काटकसर वर्षभर त्याच प्रमाणात टिकेल असे मानता येत नाही, परंतु जे डोळ्यांना दिसत नाही ते वाचवण्याची बुद्धी होत नाही, हे येथे आकड्यांत उमटले आहे. बहुतेक संस्थांमध्ये विजेचे देयक मध्यवर्ती लेखाविभाग भरतो आणि ते वापरणाऱ्या विभागाच्या नजरेलाही पडत नाही. प्रत्येक इमारतीला वेगळे मीटर बसवणे हे काम दिखाऊ नाही, तरी पुष्कळ सुधारणांची सुरुवात तेथूनच होते.

प्रयोगशाळांकडे अधिक लक्ष देण्याची गरज आहे, कारण विज्ञान विद्यापीठांत ऊर्जेचा मोठा वाटा त्या खातात. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील धूर ओढून घेणारी पेटी खोलीतील थंड किंवा गरम केलेली हवा अखंड बाहेर फेकत असते. काम संपल्यावर तिची सरकती काच खाली ओढली, तर अनेक ठिकाणी हा अपव्यय लगेच घटतो. उणे ८० अंशांवर नमुने साठवणारी शीतयंत्रे उणे ७० अंशांवर ठेवली, तर त्यांची वीज सुमारे ३० टक्क्यांनी वाचते आणि बहुतेक नमुन्यांना त्याने बाधा येत नाही. अशा सवयी एखाद्या सहायकाने लावून घेतल्या, की पुढच्या तुकडीला त्या आपोआप मिळतात.

विद्यापीठांचे आणखी एक बळ असे, की जमीन, इमारती आणि त्यांना उष्णता किंवा थंडावा पुरवणारी यंत्रणा हे सारे एकाच मालकीचे असते आणि ते पन्नास-शंभर वर्षे वापरायचे असते. सामान्य बांधकाम व्यावसायिकाला न परवडणारा लांबचा हिशेब त्यामुळे त्यांना मांडता येतो. कॉर्नेल विद्यापीठ २००० पासून कयूगा सरोवराच्या तळाजवळचे सुमारे ४ अंश सेल्सिअसचे पाणी वापरून आपल्या इमारती थंड ठेवते. सरोवराचे पाणी व इमारतींतून फिरणारे पाणी एकमेकांत मिसळत नाही, फक्त उष्णतेची देवाणघेवाण होते, आणि थंडाव्यासाठी लागणाऱ्या विजेत ८० टक्क्यांहून अधिक बचत होते. सरोवरात परत सोडलेल्या पाण्यातील फॉस्फरसविषयी स्थानिकांनी आक्षेप घेतले आणि त्यावर दीर्घकाळ वाद झाला. इंडियानातील बॉल स्टेट विद्यापीठाने २००९ मध्ये काम सुरू करून साडेतीन हजारांच्या आसपास विंधनविवरे खोदली आणि भूगर्भातील स्थिर तापमानाचा वापर करून आपले कोळशाचे बाष्पित्र (बॉयलर) बंद केले.

परिसरातील प्रयोग समाजाच्या नियमांपर्यंत कसा पोहोचतो, हे कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या ब्रॉक कॉमन्स या वसतिगृहावरून समजते. सिमेंट आणि पोलाद यांचा वापर कमी व्हावा म्हणून लाकडी खांब व फळ्यांच्या साहाय्याने बांधलेली ही १८ मजली इमारत २०१७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी खुली झाली. इतक्या उंच लाकडी इमारतीला प्रांताच्या बांधकाम नियमांत जागाच नव्हती, म्हणून केवळ त्या जागेपुरता खास नियम करावा लागला. कारखान्यात तयार केलेले भाग जागेवर आल्यानंतर लाकडी सांगाडा ७० दिवसांच्या आत उभा राहिला. त्यानंतर काही वर्षांतच त्या प्रांताने १२ मजल्यांपर्यंतच्या लाकडी इमारतींना सर्वसाधारण परवानगी दिली. खाजगी विकासक जो पहिला धोका पत्करायला तयार नसतो, तो विद्यापीठाने पत्करावा आणि आलेला अनुभव सर्वांसाठी खुला ठेवावा, हा नेतृत्वाचा सर्वांत स्पष्ट प्रकार होय.

पैसा आणि दावे. मोठ्या विद्यापीठांचे देणगीनिधी भांडवली बाजारात गुंतवलेले असतात. कोळसा, तेल व वायू कंपन्यांतील ही गुंतवणूक काढून घ्यावी, अशी मागणी विद्यार्थ्यांनी २०१० नंतर लावून धरली. युनिटी महाविद्यालयाने २०१२ मध्ये ती मान्य केली. २०१४ मध्ये स्टॅनफर्डने कोळशापुरता आणि ग्लासगो विद्यापीठाने सर्व जीवाश्म इंधनांबाबत तसा निर्णय घेतला. हार्वर्डने बराच काळ नकार दिल्यानंतर २०२१ मध्ये भूमिका बदलली. समभाग विकल्याने कंपन्यांचे भांडवल लगेच आटत नाही, कारण ते दुसरा कोणीतरी विकत घेतो, हा आक्षेप योग्य आहे. मात्र एखाद्या प्रतिष्ठित विद्यापीठाने एखाद्या उद्योगाशी आर्थिक नाते तोडले, की त्या उद्योगाच्या सामाजिक प्रतिष्ठेला धक्का बसतो, आणि या मोहिमेचा मुख्य हेतूही तोच होता.

‘कार्बन-तटस्थ’, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्य, असल्याच्या घोषणांकडे अधिक चिकित्सक नजरेने पाहावे लागते. स्वतःचे उत्सर्जन तसेच ठेवून दुसरीकडच्या वनसंवर्धनाचे किंवा वायुकपातीचे श्रेय विकत घेतल्याने कागदावर शून्य गाठता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१३ मध्ये २०२५ पर्यंत तटस्थ होण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. पुढे त्याने अशा विकतच्या श्रेयांपेक्षा प्रत्यक्ष उत्सर्जन घटवण्यावर भर देणारे धोरण स्वीकारले. पहिली घोषणा मागे घेणे प्रतिष्ठेला जड जाते, तरी ही दुरुस्ती पहिल्या घोषणेपेक्षा मोलाची आहे. २०१० पासून इंडोनेशिया विद्यापीठाने चालवलेली ग्रीनमेट्रिक क्रमवारी आणि २०१९ पासूनची टाइम्स हायर एज्युकेशनची प्रभाव क्रमवारी या विद्यापीठांचे शाश्वततेचे काम तोलणाऱ्या क्रमवाऱ्यांमुळे संस्थांमध्ये चुरस निर्माण झाली. या क्रमवाऱ्या मुख्यतः संस्थांनीच पुरवलेल्या माहितीवर अवलंबून असल्यामुळे त्यांतील स्थान हा कामाचा पुरावा मानता येत नाही.

समाजाशी नाते. विद्यापीठाने उत्तर शोधायचे आणि समाजाने ते स्वीकारायचे, ही कल्पना अनेकदा फसते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये ‘अस्त्र’ हा गट स्थापन झाला. ग्रामीण भागासाठी विज्ञान व तंत्रज्ञान वापरणे हे त्याचे उद्दिष्ट होते. कर्नाटकातील पुरा या गावी या गटाने सामूहिक जैववायू संयंत्र उभारले. घरोघरी स्वयंपाकाला वायू पुरवायचा, असा मूळ बेत होता. परंतु गावातील गुरांचे शेण त्याला पुरेसे पडेना आणि ती योजना टिकली नाही. तेव्हा गावकऱ्यांशी बोलून गटाने आपला विचार बदलला. १९८७ पासून त्याच वायूवर इंजिन चालवून विहिरीचे स्वच्छ पाणी नळाने घरांजवळ आणले गेले आणि घरांत विजेचे दिवे लागले. शेण आणून देणाऱ्याला मोबदला मिळे, दिवा वापरणारा शुल्क देई, संयंत्रातून निघणारा गाळ खत म्हणून परत शेतात जाई आणि या साऱ्याचा कारभार गावातलीच मंडळी पाहत.