माथेरानचे बंगले हॉटेल कसे झाले

माथेरानच्या जुन्या हॉटेलात उतरलं की एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते: खोलीपेक्षा व्हरांडा मोठा. खोल्या एकीतून दुसरीत उघडतात, छत उंच, न्हाणीघर कुठेतरी मागे नंतर जोडल्यासारखं. गैरसोय वाटते खरी, पण ही घरं पाहुण्यांना भाड्याने खोल्या द्यायला बांधलेलीच नव्हती.

मे 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट वन ट्री हिलच्या बाजूने हा डोंगर चढला आणि रामबागेच्या वाटेने उतरला. ठाकर, कातकरी, धनगर इथे आधीपासून वावरत होतेच. सरकारदरबारी डोंगर ‘सापडला’ तो साहेब चढल्यावर. मॅलेट पावसाळ्यानंतर परत आला, राहिला, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याने ‘द बाइक’ हे घर बांधायला घेतलं. पाठोपाठ 1852 मध्ये कॅप्टन बारचं घर उभं राहिलं. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याने मग लक्ष घालून रस्ते आखून घेतले. आज या दोन्ही जागी हॉटेलं आहेत.

बंगले उन्हाळ्यापुरते आणि दिवाळीच्या आसपासचे. जांभा दगड डोंगरावरच मिळायचा. बाकी सगळं, लोखंडी पलंगापासून कपबशीपर्यंत, नेरळहून घोड्यावर नाहीतर हमालाच्या डोक्यावर. पावसाळ्यात घर कुलूपबंद करून साहेब मुंबईला. साहेबांच्या बरोबरीने मुंबईचे धनिक पारशी आणि बोहरी इथे आले, आणि उन्हाळी घरांचा हा शौक पुढे त्यांनीच टिकवला. इंग्रज गेले तरी पॉइंटाला लुइझा, तलावाला शार्लट ही नावं राहिली आणि जेवणाच्या टेबलावर पारशांचं धानसाक आलं. राहण्याच्या भाड्यातच चहा-नाश्ता-जेवण धरायची इथली पद्धतही मला त्या वळणाचीच वाटते.

बंगल्यांचं हॉटेल व्हायला खरी गती दिली ती गाडीने. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याने 1904 ते 1907 या काळात नेरळ-माथेरान लोहमार्ग बांधून घेतला. खर्च 16 लाख रुपये, रूळ जेमतेम दोन फुटांच्या अंतराचे, लांबी सुमारे 21 किलोमीटर. तोवर वर यायचं म्हणजे घोडा, पालखी नाहीतर पायपीट. आता तिकीट काढलं की झालं.

या सगळ्या कथेत गावकरी कुठेच नसतात, याचा मला राग येतो. याच माथेरानात 1912 साली एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. वकील झाले, इथल्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झाले आणि स्वातंत्र्यलढ्यात 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर ब्रिटिश पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. ‘हेरिटेज’च्या माहितीपत्रकांत भाई कोतवालांचं नाव क्वचितच दिसतं.

बंगले टिकले याचं श्रेय मालकांच्या रसिकतेपेक्षा मोटारबंदीला जास्त आहे. गाड्या गावाबाहेरच्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात, त्यामुळे सिमेंटचा ट्रक थेट दारात येत नाही. 2003 मध्ये परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला आणि बांधकामावर आणखी बंधनं आली. मात्र ट्रक नसला की ओझं माणूसच ओढतो. दस्तुरीवरून पाहुण्यांना नेणाऱ्या हातरिक्षा माणुसकीला धरून नाहीत, त्या सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते 2025 साली.